लाउरी यांचा प्रथिनमापनाचा शोधनिबंध

विज्ञानाच्या वाङ्मयात सर्वाधिक संदर्भोल्लेख (इतर निबंधांनी आधार म्हणून केलेले उल्लेख) मिळालेला शोधनिबंध. अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ ऑलिव्हर हाउ लाउरी (१९१०–९६) आणि त्यांचे सहकारी नीरा रोझब्रो, ए. लुइस फार व रोझ रँडल यांचा हा अकरा पानांचा निबंध १९५१ साली ‘जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लाउरी त्या वेळी सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात औषधशास्त्र विभागाचे प्रमुख होते.

निबंधाचा विषय अगदी कामापुरता आहे : द्रावणात प्रथिन किती आहे हे कसे मोजावे? अल्कधर्मी द्रावणात तांब्याचे आयन प्रथिनातील पेप्टाइड बंधांशी जोडले जातात. त्यानंतर फोलिन–सिओकाल्तो विक्रियाकारक (रासायनिक विक्रिया घडवणारे द्रावण) घातला की त्याचे क्षपण होऊन (त्याला इलेक्ट्रॉन मिळून) निळा रंग येतो. हा रंग गडद होण्यात टायरोसीन व ट्रिप्टोफॅन या ॲमिनो आम्लांचा वाटा मोठा असतो. रंगाची तीव्रता वर्णमापकावर वाचून ज्ञात प्रमाणाच्या प्रथिनाशी ताडली की उत्तर मिळते. विक्रियाकारक १९२० च्या दशकापासून ठाऊक होता आणि तांब्याची जोडही पूर्वी वापरली गेली होती. लाउरी गटाने प्रमाणे, वेळा आणि अडथळे आणणारे पदार्थ काटेकोरपणे तपासून कोणत्याही प्रयोगशाळेत चालेल अशी कृती लिहून दिली. प्रक्षालके (साबणासारखी द्रव्ये) तसेच ट्रिस व ईडीटीए ही प्रयोगशाळेत नेहमी वापरली जाणारी रसायने यांच्यामुळे मापन बिघडते, ही या पद्धतीची मर्यादा होय.

‘नेचर’ने २०१४ मध्ये ‘वेब ऑफ सायन्स’ या संदर्भोल्लेखांच्या सूचीच्या आधारे केलेल्या पाहणीत या निबंधाचे संदर्भोल्लेख ३,०५,००० हून अधिक भरले. दुसऱ्या क्रमांकावर लेम्ली यांचा जेल-विद्युतसंचारणाशी (विद्युतक्षेत्राने जेलमधून प्रथिने वेगळी करण्याच्या पद्धतीशी) निगडित निबंध (१९७०) होता, तर तिसऱ्यावर ब्रॅडफर्ड यांचा. ब्रॅडफर्ड यांचा निबंध (१९७६) हाही प्रथिनमापनाचाच असून त्यात कूमासी रंजक वापरले आहे. वॉटसन व क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरील निबंध (१९५३) मात्र पहिल्या शंभरातही नव्हता. त्याचे उल्लेख सुमारे ५,२०० होते. यामागचे कारण उघड आहे. प्रथिन मोजणाऱ्याला आपली पद्धत प्रत्येक वेळी नमूद करावी लागते, पण डीएनए दुहेरी सर्पिल आहे हे लिहिताना कोणी आधार देत बसत नाही. शोध पाठ्यपुस्तकात गेला की त्याचा उल्लेख थांबतो. तेव्हा हा आकडा निबंधाची थोरवी सांगत नाही, तो किती हातांनी वापरला हे सांगतो. लाउरी यांनाही याची जाण होती. हा निबंध काही थोर नव्हे हे आपल्याला माहीत आहे, तरी त्याला मिळणाऱ्या प्रतिसादाची मनातून गंमत वाटते, अशा आशयाचे त्यांनी १९७७ मध्ये लिहिले होते.

संशोधकाची कामगिरी संदर्भोल्लेखांच्या बेरजेवरून जोखणे यामुळेच अवघड होते. भौतिकीविद होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेल्या एच-निर्देशांकात किमान ‘एच’ इतके उल्लेख मिळालेले ‘एच’ निबंध मोजले जातात; म्हणजे किमान दहा उल्लेख मिळालेले दहा निबंध असले, तर निर्देशांक दहा. त्या हिशेबात तीन लाख उल्लेखांच्या निबंधाला एकाच निबंधाचे स्थान मिळते. एका निबंधाने फुगलेली बेरीज या मोजमापात आवरली जाते, हे खरे. पण दीर्घकाळ लिहीत राहिलेल्या आणि मोठ्या गटात सहलेखक असलेल्या संशोधकाला तेच मोजमाप झुकते माप देते.

खुद्द लाउरी यांनी आपले आयुष्य ज्या कामाला वाहिले ते वेगळेच होते. गोठवून सुकवलेल्या ऊतीतून एकेक चेतापेशी वेगळी काढायची, क्वार्ट्झच्या बारीक तंतूच्या तराजूवर तिचे वजन करायचे आणि तिच्यातील विकरे (एन्झाइमे) मोजायची, असे ते परिमाणात्मक ऊतिरसायनशास्त्र होय.