पार्श्वभूमी : 140 बुद्ध्यांक किती मुलांचा असतो?

कोल्हापूर जिल्ह्यात शिष्यवृत्ती परीक्षेला मोठे वजन आहे. जादा तास आणि सराव प्रश्नपत्रिका यांतून मुले ज्या ‘बुद्धिमत्ता चाचणी’ विभागाची तयारी करतात, त्यातले गुण म्हणजेच बुद्ध्यांक, असा काही पालकांचा समज असतो. बुद्ध्यांक मात्र मुलाचे समवयस्कांमधले स्थान सांगतो, आणि 140 किंवा 150 हा आकडा किती दुर्मीळ, हे तो कोणत्या रीतीने काढला यावर ठरते.

फ्रान्समध्ये बिने आणि सिमॉन यांनी 1905 मध्ये चाचणी तयार केली ती शिकण्यात मागे पडणारी मुले ओळखण्यासाठी. हुशार मुलांची यादी करणे हा तिचा हेतू नव्हता. मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना जर्मनीच्या स्टर्न यांनी 1912 मध्ये मांडली आणि त्या भागाकाराला 100 ने गुणून येणारा बुद्ध्यांक अमेरिकेत टर्मन यांच्या 1916 च्या स्टॅनफर्ड-बिने चाचणीने रूढ केला. सहा वर्षांचे मूल नऊ वर्षांच्या मुलाइतके प्रश्न सोडवत असेल, तर त्याचा बुद्ध्यांक 150.

हिशेब सोपा होता, पण त्यात एक खोट होती. या चाचणीच्या 1937 च्या आवृत्तीत सहाव्या वर्षी गुणांचे प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) सुमारे 12.5 होते, तर बाराव्या वर्षी सुमारे 20. म्हणजे घंटाकृती वक्र धरला (बहुतेक मुले सरासरीजवळ, टोकांना मोजकी), तर 140 हा आकडा सहा वर्षांच्या साधारण दीड हजार मुलांत एकाला मिळावा आणि बारा वर्षांच्या 44 मुलांत एकाला! आकडा तोच, पण त्याची दुर्मीळता वयागणिक बदलत होती. त्या काळातले 170 किंवा 180 चे बुद्ध्यांक आजच्या मोजमापाशी ताडून पाहणे म्हणूनच फसवे ठरते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वेक्स्लर यांनी 1939 च्या प्रौढांच्या चाचणीत आणि 1949 च्या मुलांच्या चाचणीत भागाकार सोडून दिला. प्रत्येक वयोगटाची सरासरी 100 आणि प्रमाण विचलन 15 असे ठरवून त्यांनी मुलाचे स्थान थेट त्याच्या गटात मोजले. 1960 मध्ये स्टॅनफर्ड-बिनेनेही हीच रीत घेतली, फक्त विचलन 16 ठेवले. वेक्स्लरच्या मापाने 1000 मुलांत सुमारे 23 जण 130 च्या वर, चार जण 140 च्या वर आणि सुमारे एक जण 145 च्या वर असतो. 160 ओलांडणारे मूल तीस हजारांहून अधिक मुलांत एखादे. शिवाय एवढ्या वरच्या टोकाला चाचणीतले अवघड प्रश्नच संपत येतात, त्यामुळे तिथल्या आकड्यांवर फार विसंबता येत नाही.

मराठी मुलांसाठी कामत यांनी 1930 च्या दशकात बिने चाचणीचे मराठी व कन्नड रूपांतर केले. त्यातही मानसिक वयाचाच भागाकार आहे. नागपूरला मालिन यांनी नंतर वेक्स्लरच्या मुलांच्या चाचणीचे भारतीय रूप आणले. दरम्यान अनेक देशांत पिढ्यांगणिक चाचण्यांतले गुण वाढत गेल्याचे फ्लिन यांनी 1980 च्या दशकात दाखवून दिले. प्रमाणके (ज्यांच्याशी मुलाचे गुण ताडतात ते गटाचे ठरवलेले गुण) जुनी राहून गटाची खरी सरासरी 110 वर गेली असेल, तर 130 ओलांडणारी मुले हजारात 23 ऐवजी नव्वदच्या घरात निघतात. अहवालात चाचणीचे नाव आणि प्रमाणकांचे वर्ष नसेल, तर 140 चा आकडा पाहून मूल हजारातल्या चौघांपैकी आहे की नाही, हे ठरवता येत नाही.