परत आला, पण कितपत?

जून २०२४ मध्ये कॅनडा सरकारने न्यूफाउंडलँडच्या उत्तरी कॉड माशावरची १९९२ सालची व्यापारी मासेमारीबंदी उठवली. 'कॉड परत आला' असे मथळे झळकले. पण कोणत्या सालच्या मानाने?

प्रत्येक पिढी स्वतः पाहिलेला पहिला समुद्रच मूळचा धरते आणि घट तिथून मोजते, हे मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ साली दाखवून दिलं. त्याआधीचे मासे मात्र कुणी मोजलेलेच नव्हते. मग आकडा आणायचा कुठून?

१८५०च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या बेव्हर्ली बंदरातली शिडाची जहाजं कॅनडाच्या नोव्हा स्कोशियाजवळ गळाने कॉड धरत. कोणी दिवसाला किती मासे धरले, ते जहाजाच्या वहीत लिहिलं जाई. या वह्यांतून समुद्रातल्या माशांच्या साठ्याचा अंदाज काढण्याची युक्ती मला भारी आवडते. समजा, सुरुवातीला रोज ५० मासे लागतात. एकूण १००० मासे काढल्यावर तितक्याच माणसांना, तितक्याच गळांवर रोज ४०च लागतात. म्हणजे १००० मासे हा साठ्याचा पाचवा हिस्सा, आणि मूळ साठा ५०००. प्रत्यक्षात नवी पैदास, नैसर्गिक मृत्यू, इतर जहाजांची पकड हेही हिशेबात धरावं लागतं. ते धरून २००५ साली उत्तर आलं: १८५२ मध्ये तिथे सुमारे १२ लाख ६० हजार टन कॉड होता. २००५च्या सुमाराचा अंदाज मात्र ५० हजार टनांच्याही खाली होता.

अट एकच, मासे धरायची पद्धत बदलता कामा नये. सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी मासे शोधणारं यंत्र, लावलेला ट्रॉलर (मोठं जाळं ओढत नेणारं जहाज) उरलेसुरले थवे नेमके हुडकतो. साठा आटला तरी जाळं भरतंच! १९८०च्या दशकात न्यूफाउंडलँडमध्ये ट्रॉलरच्या भरल्या जाळ्यांनीच अंदाज फुगवले. 'समुद्र अथांग, मासे अमाप' ही श्रद्धाही जुनीच. १८८३ साली थॉमस हक्सलीसारख्या वैज्ञानिकानेही तसंच सांगितलं होतं.

गंमत म्हणजे जुनी माहिती दर वेळी सावधगिरीच्याच बाजूने साक्ष देत नाही. उत्तरी कॉडच्या साठ्याचं गणित पूर्वी १९८३च्या आकड्यांपासून सुरू व्हायचं. २०२३ साली ते १९५४पर्यंत मागे नेलं, तेव्हा धोक्याची पातळी उलट खाली आली आणि तेवढाच मासा 'अतिधोक्या'तून बाहेर पडला. हे शास्त्रशुद्धच आहे. पण धोक्याची पातळी म्हणजे जिच्याखाली साठ्याला गंभीर इजा होते ती रेषा. साठा कुठवर वाढू द्यायचा, हा प्रश्न वेगळा. मथळ्यांनी दोन्ही एकच करून टाकलं. त्या दुसऱ्या प्रश्नाला १९५४सुद्धा अपुरंच. तोवर तिथे साडेचार शतकं मासेमारी चालली होती.