टी-ट्रॅक: टेबलावर जोडायची मॉडेल रेल्वे

टी-ट्रॅक म्हणजे फूटभर लांबीच्या लाकडी खोक्यावर छोटीशी रेल्वे बनवायची, आणि अशी वेगवेगळ्या लोकांची खोकी टेबलावर शेजारीशेजारी मांडून, रूळ टक् करून जोडून, सगळ्यांचा मिळून एक मोठा लोहमार्ग उभा करायचा अशी पद्धत. टी म्हणजे टेबल-टॉप. एका खोक्याला मॉड्यूल म्हणतात. खोक्यावर काय बनवायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं, घाट बनवा, स्टेशन बनवा, नुसतं भाताचं खाचर आणि एक बगळा ठेवला तरी कोणी काही म्हणत नाही, फक्त दोन्ही कडांना रूळ कुठे संपतो ते सगळ्यांचं अगदी सारखं पाहिजे. दिवाळीत सोसायटीतली पोरं किल्ले करतात ना तसंच, पण इथे आपल्या किल्ल्यातून शेजारच्याच्या किल्ल्यात गाडी जाते.

मॉड्यूलची आयडिया मात्र टी-ट्रॅकच्या आधीची. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात एन-ट्रॅक सुरू झालं, त्यात जिम फिट्झगेराल्ड आणि बेन डेव्हिस ही नावं पहिली येतात. त्यांचं नेहमीचं मॉड्यूल ४ फूट लांब, २ फूट रुंद, जमिनीपासून ४० इंच उंच, आणि त्यावर समोरून मागे लाल, पिवळी, निळी अशा तीन लाइन्स. भारी प्रकार आहे, पण एक मॉड्यूल म्हणजे जवळजवळ फर्निचरच, त्याला पाय आले, क्लॅम्प आले, न्यायला टेम्पो आला. तिकडे जर्मनीत १९८१ मध्ये फ्रेमो ही मॉड्यूलवाल्यांची संघटना सुरू झाली, त्यांचा कल वेगळा, देखाव्यापेक्षा वाहतूक चालवण्यावर भर, क्रीडासंकुलाच्या हॉलमध्ये लांबच लांब मॉड्यूल्स मांडून प्रत्येक वॅगनला चिठ्ठी, टाइमटेबल, स्टेशनमास्तर, फोनवरून गाडीची परवानगी, असं सगळं साग्रसंगीत.

टी-ट्रॅक २००० च्या आसपास जपानमध्ये जन्मलं आणि ते तिथेच जन्मणार होतं. तिथली घरं लहान, ४ फुटी मॉड्यूल ठेवायचं कुठे, त्यापेक्षा पुस्तकांच्या कपाटात बसेल असं खोकं बरं. अमेरिकेत ते नेलं ली मोनॅको-फिट्झगेराल्ड यांनी आणि मग ते ऑस्ट्रेलिया, युरोप असं पसरत गेलं.

आता मापं, कारण सगळी गंमत मापांत आहे. स्केल एन, म्हणजे १:१६०, खऱ्या गाडीच्या १६० पट लहान (जपानी गाड्या बऱ्याचशा १:१५०, पण रूळ तोच), आणि दोन रुळांमधलं अंतर ९ मिमी. रूळ कातो कंपनीचा युनिट्रॅक, ज्याला खडीचा प्लास्टिकचा बेस आधीच चिकटलेला असतो. सिंगल मॉड्यूलवर २४८ आणि ६२ मिमीचे दोन तुकडे मिळून ३१० मिमी रूळ बसतो, पण खोकं मात्र ३०८ मिमीचं करायचं. म्हणजे दोन्ही बाजूंना रूळ १-१ मिमी बाहेर डोकावतो. हे १ मिमी म्हणजे अख्ख्या पद्धतीचा जीव, कारण खोकी एकमेकांना जेमतेम लागत नाहीत आणि पकड राहते ती फक्त युनिजॉइनरची, म्हणजे रुळांच्या टोकांना बसणाऱ्या छोट्या जोडांची, त्याला ना क्लॅम्प ना बोल्ट.

मी हे वाचलं होतं आणि तरी पहिलं खोकं ३१० चं केलं, म्हटलं रूळ ३१० तर खोकं पण ३१०, कशाला उगाच फरक ठेवा. त्यात पावसाळ्याचे दिवस, प्लाय दमट हवेने अजून थोडा फुगला. मांडताना झालं असं की खोकी आधी एकमेकांना टेकली आणि रूळ काही केल्या जुळेनात, शिवाय मार्ग गोल असल्यामुळे समोरची बाजू मागच्या बाजूपेक्षा मोठी झाली आणि शेवटचा जोड ३ मिमीने हुकला. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री सुताराकडून रंधा मागून आणून कडा तासत बसलो होतो, झाडं-बिडं सगळी वर लावलेली असताना. तेव्हापासून गुण्या लावल्याशिवाय एक फळी चिकटवत नाही.

मार्ग दुहेरी असतो. मूळ जपानी पद्धतीत दोन मार्गांमधलं अंतर २५ मिमी होतं, युनिट्रॅकचा बेसच २५ मिमी रुंद असल्यामुळे दोन रूळ अगदी खेटून बसायचे. नंतर ३३ मिमी रूढ झालं कारण कातोचे दुहेरी रूळ आणि वळणं त्या मापाची मिळतात. कोपऱ्याचं मॉड्यूल ३६५ मिमी चौरस, त्यावर २८२ आणि ३१५ मिमी त्रिज्येची वळणं. चार कोपरे आणि दोन सिंगल घेतले की साधारण १ मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद असा पूर्ण मार्ग होतो, म्हणजे घरच्या डायनिंग टेबलवर मावतो, जेवायच्या वेळेआधी उचलायची तयारी असेल तर.

खोक्याची उंची कमीत कमी ७० मिमी आणि खाली चार कोपऱ्यांत बोल्ट, ते फिरवून १०० मिमीपर्यंत वर घेता येतं. कारण हॉलमधली टेबलं कधीच सरळ नसतात. पाणसळ ठेवून आधी एक मॉड्यूल लेव्हल करायचं आणि मग पुढचं त्याला जुळवत जायचं, घाई केली की इंजिन नेमकं जोडावरच नाक खुपसतं.

वायरिंगचा नियम एका दमात पाठ करायचा: दोन मार्गांच्या चार रुळांना समोरून मागे निळा, पांढरा, पांढरा, निळा. कातोच्या वायरी याच दोन रंगांच्या येतात. एकाने जरी उलटं जोडलं तरी ती अख्खी लाइन शॉर्ट होते आणि मग तीस खोक्यांत चोर शोधत बसा. वीज १२ व्होल्ट डीसी, प्रत्येक जोडाला व्होल्टेज थोडं थोडं पडतं, म्हणून मोठ्या मांडणीत काही काही मॉड्यूल सोडून फीडर, म्हणजे रुळाला वीज देणारी वायर, द्यावाच लागतो, नाहीतर गाडी लांबच्या टोकाला जाऊन गोगलगाय होते.

देखावा बनवायला परदेशी सामान मिळतं पण महाग, आणि खरं सांगायचं तर घरातल्या वस्तूंनी चांगलं होतं. डोंगराला थर्माकोलचे थर, वर टिश्यू पेपर आणि फेविकॉल. मातीला वापरून वाळवलेली चहापावडर, चाळणीने चाळून. झुडपांना भांड्यांची हिरवी घासणी कुरतडून. सगळं पक्कं करायला फेविकॉलमध्ये पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालून ड्रॉपरने सोडायचं, साबण नसेल तर पाणी चहापावडरवर गोळ्या होऊन नुसतं तरंगतं. (रुळावर सांडलं तर लगेच पुसा, वाळलं की गाडी तिथे थांबणार म्हणजे थांबणार. प्रदर्शनात रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली आणि फडकं कायम हाताशी असतं.)

मांडायच्या बाबतीत जपानमध्ये शाळकरी मुलांनी कमाल केलीय. तिथे २००९ पासून हायस्कूलच्या मॉडेल रेल्वे क्लबांची देशपातळीवरची स्पर्धा होते, त्यात सरळ मॉड्यूल ९०० बाय ३०० मिमी आणि वळणाचं ६०० मिमी चौरस, म्हणजे टी-ट्रॅकपेक्षा मोठं माप पण तत्त्व तेच.

आपल्या गाड्यांचा प्रश्न जरा अवघड आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, १:१६० मध्ये तो साडेदहा मिमीच्या जवळ जातो आणि एनचा रूळ ९, त्यामुळे खालून गाडी अरुंद दिसते, पण ते नियमित बघणाऱ्यालाच कळतं. लांबीचं मात्र कोणालाही कळतं. आपल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचा एलएचबी डबा २३.५४ मीटरचा, म्हणजे मॉडेलमध्ये १४७ मिमी, एका सिंगल मॉड्यूलवर दोनच डबे उभे राहतात. २४ डब्यांची गाडी केली तर साडेतीन मीटर, साडेअकरा मॉड्यूल खाते! म्हणून लोक पाच-सहा डब्यांवर भागवतात.

मला स्वतःला यातून निघालेली पळवाट जास्त आवडते. ९ मिमीच्या रुळावर १:८७ स्केलची नॅरोगेज चालवतात, त्याला एचओई म्हणतात. आणि आपली बार्शी लाइट रेल्वे, १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉपने सुरू केलेली, ती होती अडीच फुटी, ७६२ मिमी. भागिले ८७, उत्तर ८.७६. इतकं जवळ जुळतं की वाटावं मुद्दाम केलंय. ती लाइन आता ब्रॉडगेज झालीय, पण तेच ३०८ मिमीचं खोकं घेऊन त्यावर पंढरपूरला वारकरी घेऊन जाणारी बार्शी लाइट करता येते. माथेरान मात्र यात बसत नाही, ती २ फुटी, १:८७ ला ७ मिमी होते.

महाराष्ट्रात मॉडेल रेल्वे म्हटलं की पुण्यात कोथरूडचं जोशी मिनिएचर रेल्वे म्युझियम, भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं, १९९८ पासून सुरू. तो लेआउट कायमचा एका जागी बसवलेला आहे, मॉड्यूलचा नाही, पण दिवे लावून गाड्या सोडण्याचा तो शो बघून आलेल्यांपैकी बऱ्याच जणांना घरी काहीतरी करावंसं वाटतं आणि टू-बीएचकेत काय मावेल हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

घरी ठेवताना दोन मॉड्यूल समोरासमोर उलटे धरून बाजूंना प्लायच्या पट्ट्या स्क्रूने मारायच्या, म्हणजे झाडं मधल्या पोकळीत सुरक्षित राहतात आणि ती जोडी भाजीच्या प्लास्टिक क्रेटमध्ये बसवून स्कूटीच्या पुढे उभी करून नेता येते. युनिजॉइनर मात्र काढून डबीत ठेवायचे, ते वाकले की दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये बोंब.