पहाटं जागच येत न्हाई, साहेब

जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत बीडकडचा एखादा ऊसतोड कामगार येतो, तेव्हा बोलतो तो सोबत आलेला भाऊ. "झोपत नाही, संशय घेतो, एकटाच बडबडतो." डॉक्टरही भावालाच गोळ्या समजावून सांगतात. ज्याच्या पोटात त्या जाणार, तो बाकावर मान खाली घालून बसलेला. पुढच्या वेळी केसपेपरवर शेरा पडतो: रुग्णाने औषध बंद केले.

का केलं, हे त्याला कुणी विचारलं तर उत्तर मिळतं. "साहेब, ही गोळी घेतली की पहाटं जागच येत न्हाई." फडात अंधारातच कोयता हाती घ्यावा लागतो. मुकादमाची उचल अंगावर, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे कामाची एक जोडी. एकाचा खाडा झाला की दोघांचं काम अडतं.

हा आळस नाही. ही गोळी म्हणजे ओलान्झापिन, भास-संशय कमी करणारं औषध. ते मेंदूत हिस्टामिनचं काम अडवतं आणि हिस्टामिन तर आपल्याला जागं ठेवतं. शिवाय रक्तातलं हे औषध निम्म्यावर यायला साधारण ३० तास लागतात. रात्रीच्या गोळीची गुंगी पहाटे उरणारच. डोस कमी करता येईल का, गोळी दिवेलागणीलाच घेता येईल का, हे बघता येतं. अरिपिप्राझोल या दुसऱ्या औषधाने गुंगी कमी येते, पण काहींना त्याने एका जागी बसवत नाही. याच आजारावरचं, महिन्यातून एकदा घ्यायचं हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन फिरतीवर सोयीचं. मात्र त्याने हात ताठर होऊ शकतात, थरथरू शकतात. धारदार कोयता चालवणाऱ्या हातांना यातलं काय झेपेल, हे त्या माणसाला विचारल्याशिवाय लिहिलेली चिठ्ठी मला अर्धवट वाटते.

"ज्याला भास होतात त्याला काय विचारायचं?" रात्र-रात्र जागून काढलेल्या घरच्यांचा हा प्रश्न खरा आहे. आजार भरात असताना समज हरपूही शकते. पण ती कायमची जाते असं नाही. उपचाराने काही आठवड्यांनी तोच माणूस नीट हिशेब करून बोलू शकतो. २९ मे २०१८ पासून लागू झालेला २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा हेच धरून चालतो. आजार आहे म्हणून निर्णयक्षमता नाही, असं मानता येत नाही. त्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरूनही ती नाकारता येत नाही.

याच कायद्यात एक फार कामाची सोय आहे, आणि तांड्यावर ती कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं. बरं असताना साध्या कागदावर लिहून ठेवता येतं, की पुन्हा बिघडलं तर माझ्या बाजूने कुणी बोलायचं. खाली सही, नाहीतर अंगठा. भावाचं नाव घालायलाच हवं असं नाही. फडात शेजारी उभं राहून मोळी बांधणाऱ्या बायकोचं नावही तिथे लिहिता येतं.