कोरफड की घायपात? पान मोडून बघा

बांधावर जाड, काटेरी पानांचं झुडूप दिसलं की ‘कोरफड आहे’ म्हणत पान कापून घरी नेणारे बरेच भेटतात. बेळगाव जिल्ह्यातल्या सौंदत्ती-रामदुर्गकडच्या मुरमाड माळाला ते बहुधा घायपात निघतं. त्याचा रस गालाला चोळला तर थंडावा राहिला बाजूला, आग होते आणि पुरळ उठतं. त्यात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे टोकदार सूक्ष्म स्फटिक असतात, ते कातडीत घुसतात.

कोरफडीचं पान काकडीसारखं कट्कन मोडतं, आत बुळबुळीत, पारदर्शक गर. (सालीलगतचा पिवळा, कडू चीक मात्र निथळू द्यावा, पोटात गेला तर जुलाब लागतात. काळा बोळ म्हणतात तो हाच चीक आटवलेला.) घायपाताचं पान हाताला दाद देत नाही. कोयत्यानं चिरलं की लांब पांढरे धागे निघतात, तो वाख. पानं पाण्यात कुजवायची, बडवायची, धुऊन वाळवायची आणि मग कासरे, दावी, चऱ्हाटं वळायची, हे मातंग घरांतलं पिढीजात कसब. नायलॉन स्वस्त झालं आणि बांधावरची पानं तशीच उभी राहिली.

न कापता ओळखायचं तर टोक बघा. घायपाताला टोकाशी काळपट, टणक काटा असतो. वाटेच्या कडेला असेल तर जनावराच्या डोळ्याला धोका. कोरफडीचं टोक निरुपद्रवी, कडेचे दातही मऊ.

दोघांचं नातं लांबचं. घायपात मेक्सिकोकडचा, कोरफड अरबस्तानातली. तरी दिसायला सारखी, कारण दोघांनी कोरड्या जमिनीवर एकच तोडगा काढला: जाड पानांत पाणी साठवायचं, आणि दिवसा पानांची छिद्रं बंद, रात्री उघडी, म्हणजे ते कमी उडतं.

खरा फरक फुलात आहे. कोरफडीला बहुतेक हिवाळ्यात कंबरेएवढा दांडा येतो, पुन्हा पुढच्या वर्षी येतो. घायपात दहा-वीस वर्षं, कधी त्याहून जास्त, नुसता साखर साठवत बसतो. मग एकदाच सहा ते नऊ मीटर उंच दांडा फेकतो आणि त्या खर्चात स्वतः वाळून जातो. टकीला ही मेक्सिकोतली दारू करणारे त्यांच्याकडच्या निळ्या घायपाताचा हा दांडा वाढूच देत नाहीत. साखर बुंध्यातच हवी असते. आपल्या बांधावर मात्र आई वाळली तरी भोवतीची पिल्लं जागा धरतात.

खडकाळ उताराला लावायचं तर माझं मत घायपाताला. पन्हळीसारखी पानं पाऊस, दव थेट बुडाशी आणतात आणि उथळ पसरलेली मुळं माती धरतात. बेळगावच्याच खानापूरकडच्या जोरदार पावसात मात्र पाणी तुंबणाऱ्या जागी लावू नका, बुंधा कुजतो. कोरफड परसात किंवा कुंडीत ठेवा, तळाला भोक असलेल्या.