ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा: सोडतीत नाव टाकण्याआधी

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

खुर्चीत बसल्या बसल्या निम्मी मुलं एकच विचारतात, “नंबर लावून द्याल ना?” नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. भारतीय पासपोर्टधारकांसाठी या व्हिसाच्या पहिल्या वर्षाच्या जागा वर्षाला १,००० आहेत आणि त्या संगणकीय सोडतीनं दिल्या जातात. म्हाडाच्या घराची सोडत माहीत आहे ना, तसंच समजा. आमच्यासारखा अर्ज भरून देणारा फक्त अर्ज भरून देऊ शकतो. “आतला माणूस आहे” असं सांगून कोणी पैसे मागत असेल तर चहा संपवा आणि उठा.

हा व्हिसा आला कुठून? भारत आणि ऑस्ट्रेलियातला व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला, त्यात तरुणांसाठी ही सोय ठेवली होती. पहिली नोंदणी ऑक्टोबर २०२४ मध्ये उघडली. सरकारी कागदांवर याला सबक्लास ४६२ म्हणतात. १२ महिने राहायचं, फिरायचं आणि खर्च निघावा म्हणून मधूनमधून काम करायचं, असा त्याचा हेतू. एका मालकाकडे सहसा ६ महिन्यांपेक्षा जास्त काम करता येत नाही, आणि शिकायचं असेल तर ४ महिन्यांपर्यंतच. कायमच्या वास्तव्याचा हा मार्ग नाही. तिकडे जाऊन स्थायिकच व्हायचं असेल तर तसं मोकळेपणानं सांगा, त्याचे रस्ते वेगळे आहेत.

वय १८ ते ३०. ३१ वा वाढदिवस झालेला नसेल, तर चालतं. पण तो वाढदिवस तोंडावर आला असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. बारावीनंतरचं किमान २ वर्षांचं शिक्षण पूर्ण हवं. दहावीनंतर डिप्लोमा केलेल्यांनी पैसे भरण्याआधी विचारून घ्यावं. इंग्रजी कामापुरतं यायला हवं आणि त्याचा पुरावा लागतो. शाळा मराठी माध्यमाची होती म्हणून घाबरू नका, परीक्षा देता येते आणि तिथे फार मोठ्या गुणांची मागणी नाही. आपल्या मुलाबाळांना सोबत नेता येत नाही. नवरा-बायको दोघांनाही जायचं असेल तर दोघांची नोंदणी वेगळी, आणि दोघांचाही नंबर लागायला हवा. एकाचाच लागला तर काय करायचं, हे घरी आधी बोलून घ्या. आमच्या टेबलावर त्यावरून भांडण नको.

नावाची भानगड

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून इथे जरा सविस्तर.

सोडतीच्या नोंदणीला भारतीयांकडे पासपोर्टबरोबर पॅन कार्डही लागतं. आता आपल्याकडे एकाच माणसाची नावं किती असतात बघा. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत. जुन्या पॅनवर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. लग्न झालेल्या मुलीचं तर विचारूच नका: पदवी माहेरच्या नावानं, पॅन सासरच्या, पासपोर्ट कधी काढला त्यावर अवलंबून. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, पण कॅनबेरातल्या अधिकाऱ्याला ‘पाटील स्नेहल’ आणि ‘स्नेहल पाटील’ एकच आहेत हे घरबसल्या कळण्याचं कारण नाही.

फॉर्ममध्ये नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न अक्षर भरायचं. पॅन वेगळं असेल तर दुरुस्ती नोंदणीच्या आधी करून घ्यायची. पासपोर्ट संपत आला असेल तर नूतनीकरणही आधी. मधेच पासपोर्टचा नंबर बदलला की नसतं लचांड मागे लागतं.

सगळे कागद आधी बघायचं शहाणपण आम्हाला एकदा चुकल्यावर आलं. एका मुलीचा नंबर लागला. निवड झाल्याचं पत्र आल्यापासून अर्ज दाखल करायला २८ दिवस मिळतात. आम्ही तिचा पासपोर्ट आणि पॅन डोळ्यात तेल घालून तपासले होते, पदवी मात्र तपासली नव्हती. तिनं पदवी प्रमाणपत्रासाठी अर्जच केलेला नव्हता, तिच्याकडे नुसत्या गुणपत्रिका. त्या २८ पैकी १९ दिवस विद्यापीठाच्या खिडकीसमोर गेले. अर्ज वेळेत गेला, पण तिच्या वडिलांनी आमच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती अजून आठवते. तेव्हापासून सगळे मूळ कागद डोळ्यांनी बघितल्याशिवाय आम्ही कोणाला नोंदणीचे पैसे भरू देत नाही.

आणि खातं स्वतःच्याच ईमेलनं उघडा. आमच्या नाही, चुलतभावाच्याही नाही. निवडीचं पत्र तिथेच येतं, त्यामुळे सोडतीच्या दिवसांत स्पॅमचं फोल्डरही रोज उघडून बघा.

पैसे

नोंदणीचे २५ ऑस्ट्रेलियन डॉलर, नंबर लागो न लागो, परत मिळत नाहीत. नंबर लागल्यावर व्हिसाची फी वेगळी. ती २०२४-२५ ला ६५० डॉलर होती, जुलै २०२५ पासून ६७० झाली. जुलै आला की आकडा पुन्हा तपासायचा. शिवाय खात्यात ५,००० डॉलर दाखवावे लागतात, म्हणजे साधारण तीन लाख रुपये, दराप्रमाणे कमी-जास्त. परतीच्या तिकिटाचे पैसे त्याहून वेगळे.

ही रक्कम तुमच्या स्वतःच्या खात्यात हवी. मामांनी चार दिवसांपूर्वी टाकलेले तीन लाख स्टेटमेंटवर लगेच उठून दिसतात. घरचेच मदत करत असतील तर करू द्या, फक्त वेळेवर, आणि पैसे कुठून आले ते सांगता येईल असे. पतपेढीचं हातानं भरलेलं पासबुक घेऊन येणारेही असतात. त्यापेक्षा ठेव मोडून बँकेत आणलेली बरी.

तिकडचं काम

आम्ही नोकरी लावून देत नाही. परदेशी नोकरभरतीला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परवाना लागतो, तो आमच्याकडे नाही. काम तिथे पोचल्यावर स्वतः शोधायचं: कॅफे, हॉस्टेल, शेतमळे, पॅकिंगच्या शेड. दारू वाढायच्या जागी आरएसए नावाचं प्रमाणपत्र लागतं, बांधकामावर व्हाइट कार्ड, म्हणजे सुरक्षा प्रशिक्षणाचं कार्ड. टॅक्स फाइल नंबर, म्हणजे तिकडचा कराचा क्रमांक, सरकारकडून फुकट मिळतो, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

जुलै २०२५ ला किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर झालं. रुपयात गुणाकार करून डोळे विस्फारतात, पण खोलीचं भाडंही त्याच डॉलरमध्ये द्यायचं असतं. या व्हिसावर पहिल्या डॉलरपासून १५ टक्के कर कापला जातो, ४५,००० डॉलरच्या कमाईपर्यंत. आपल्या पीएफसारखं तिकडे निवृत्तीसाठी ‘सुपर’ असतं, ते मालक भरतो. देश सोडल्यावर ते मागता येतं, मात्र त्यातला ६५ टक्के कर म्हणून जातो. त्या पैशांवर इकडे बुलेट बुक करू नका.

दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर पहिल्या वर्षात ठरलेल्या भागांत, ठरलेल्या प्रकारचं ३ महिने काम करावं लागतं. त्यात शेतीचं काम येतं. तासगाव किंवा निफाडच्या पोरांना द्राक्षाच्या विरळणीचं कौतुक कोणी सांगायला नको. मरे नदीकाठचं मिल्ड्युरा द्राक्ष आणि बेदाण्यासाठीच ओळखलं जातं. काम धरण्याआधी त्या गावाचा पिनकोड सरकारी यादीत आहे का ते बघा, आणि प्रत्येक आठवड्याची पगारपावती जपा. रोख पैसे हातात टेकवणाऱ्या मालकाकडचे दिवस पुढे सिद्ध करता येत नाहीत.

नंबर नाही लागला तर

पुढच्या वर्षी पुन्हा. दरम्यान ब्रिटनचीही एक योजना आहे, इंडिया यंग प्रोफेशनल्स: वर्षाला ३,००० जागा, २४ महिने, पदवी आवश्यक, खात्यात २,५३० पौंड सलग २८ दिवस. सोडतीत नाव टाकायला पैसे पडत नाहीत, पण नंबर लागल्यावर आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, दोन वर्षांचा एकदम. तो आकडा ऐकून बरेच जण ऑस्ट्रेलियाकडे परत येतात.

आमच्याकडे येताना

पासपोर्ट, पॅन, दहावीपासूनच्या गुणपत्रिका, पदवी, लग्न झालं असेल तर विवाह प्रमाणपत्र आणि ६ महिन्यांचं बँक स्टेटमेंट, सगळं मूळ प्रतीत आणा. नंबर लागेपर्यंत आम्ही फी घेत नाही. कागद तुमच्यासमोर बघतो, झेरॉक्स ठेवून घेतो आणि मूळ प्रती तिथल्या तिथे परत देतो. निघताना पासपोर्ट पिशवीत पडला का, तेवढं बघून जा. मागच्या महिन्यात दोघांचे आमच्या झेरॉक्स मशीनच्या काचेवरच राहिले होते.