रायट ॲक्ट वाचून दाखवणे

इंग्रजीतील वाक्प्रचार, अर्थ खडसावणे, सज्जड दम भरणे. उशिरा घरी आलेल्या पोराला आईने फैलावर घेतले तरी इंग्रज हाच शब्दप्रयोग करतो. मूळ कायद्यात शिक्षा मात्र फाशीची होती.

ब्रिटनचा हा दंगलविरोधी कायदा १ ऑगस्ट १७१५ रोजी अमलात आला. बारा किंवा अधिक माणसे दंगा करण्यासाठी जमली, की दंडाधिकारी, शेरीफ किंवा महापौराने जिवाला धोका न होता जाता येईल तितके जवळ जायचे, गप्प राहण्याचा हुकूम द्यायचा आणि राजाच्या नावाने पांगण्याचा ठरावीक मजकूर मोठ्याने वाचायचा. त्यानंतर तासाभराने बारा जण तिथेच आढळले, तर तो फाशीचा गुन्हा. १८३७ मध्ये फाशीच्या जागी आजन्म हद्दपारी आली. मजकुरात काटछाट चालत नसे : शेवटचे ‘देव राजाचे रक्षण करो’ हे शब्द वाचायचे राहिले म्हणून १८३० च्या एका खटल्यात आरोप टिकला नाही.

या तासाचा गैरसमज फार महागात पडला. मजकूर वाचून तास उलटल्याशिवाय सैन्याला हात उचलता येत नाही, अशी समजूत रूढ झाली आणि १७८० च्या गॉर्डन दंगलीत (कॅथलिकविरोधी दंगल) लंडन जळत असताना शिपाई नुसते उभे राहिले. प्रत्यक्षात जाळपोळ, लूट रोखण्याचा जुना अधिकार या कायद्याने काढून घेतलेला नव्हता. इंग्लंडमध्ये १९६७ मध्ये हा कायदा रद्द झाला.

‘ह्यू अँड क्राय’, म्हणजे आरडाओरडा, हा शब्द आपल्याकडच्या ऑफिसांतही ऐकू येतो : उगाच ह्यू अँड क्राय नको! इंग्लंडच्या १२८५ च्या विंचेस्टर कायद्यानुसार चोर दिसताच आरोळी ठोकणे आणि गावोगाव पाठलाग करणे हे रहिवाशांचे कर्तव्य होते. चोर निसटला तर भरपाई त्या परिसराच्या माथी. विनाकारण आरोळी ठोकणारा स्वतःच शिक्षेस पात्र ठरे. म्हणजे आज ज्या अर्थाने हा शब्द वापरतात, नेमका तोच तेव्हा गुन्हा होता.

‘फेडरल केस करणे’ हा अमेरिकी प्रकार, राईचा पर्वत करणाऱ्याला टोकणारा. तिथले बहुतेक खटले राज्यांच्या न्यायालयांत चालतात. संघीय (फेडरल, म्हणजे केंद्राच्या) न्यायालयात जायला मुद्दा संघीय कायद्याचा तरी लागतो, नाहीतर पक्षकार वेगवेगळ्या राज्यांतले आणि वाद ७५,००० डॉलरपेक्षा मोठा असावा लागतो.